चैत्रगौरीचं हळदीकुंकू आणि हलकं पन्हं : प्रकल्प नोंदी

30 मार्च 2025, रविवार (गुढीपाडवा)

ठरलं. यंदा चैत्रगौरीचं हळदीकुंकू आमच्याकडे, 18 एप्रिलला. शुक्रवार आहे आणि गुड फ्रायडेची सुटीही, त्यामुळे नोकरीवाल्या बायकांना पाच वाजताही येता येईल. सोसायटीतल्या, सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या आणि नात्यातल्या मिळून साठेक जणी होतील.

कैरीची डाळ, भिजवलेले हरभरे, ओटी, गौरीची आरास हे सगळं आई (सासूबाई) आणि जाऊबाई बघणार आहेत. माझ्याकडे फक्त प्यायचं. हे काम मी मागून घेतलं. चैत्रात एकेका संध्याकाळी तीन-तीन घरी जावं लागतं. पहिल्या घरचं पन्हं आवडीने पितो, दुसऱ्या घरी ते अर्धं उरतं, तिसऱ्या घरी "मला अगदी घोटभरच हं" म्हणत हात आडवा करावा लागतो. बहुतेक ठिकाणी पन्हं फार गोड असतं, दाट असतं आणि मोठ्या ग्लासात भरून येतं. उन्हातून आलेल्या बाईला हुशारी वाटावी म्हणून द्यायचं आणि तिचं पोट जड करून पाठवायचं, हे मला पटत नाही.

म्हणून या वर्षीचं काम असं: पन्हं इतकं हलकं जमवायचं की फुलपात्र रिकामं परत येईल आणि काहीजणी आपणहून दुसरं मागतील. पन्ह्याच्या जोडीला काय ठेवायचं ते पुढच्या आठवड्यात ठरवू. बाटलीतलं रंगीत सरबत आणायचं नाही, एवढं मात्र आजच नक्की केलं.

2 एप्रिल, बुधवार

कैरी. मंडईत सध्या दोन-तीन तऱ्हा दिसतात. राजापुरी मोठी, गर भरपूर, धागा कमी. तोतापुरी लांबट, चोचीची. ती करकरीत असते पण आंबटपणा बेताचा, मीठ-तिखट लावून खायला उत्तम. आणि गावठी, म्हणजे रायवळ आंब्याची: लहान, कडक, दात आंबवणारी. आईंचं मत गावठीकडे आहे. "पन्ह्याला कैरी झणझणीत आंबट हवी, नाहीतर नुसतं गुळाचं पाणी," असं त्या म्हणतात, आणि ते खरंच आहे. कैरी जितकी आंबट तितका थोडा गर पुरतो, आणि गर थोडा म्हणजे पेय पातळ. पण गावठीचा धागा फार. साठ जणींचा गर चाळणीतून घासून काढायचा तर हात भरून येतील.

दोन भाग राजापुरी, एक भाग गावठी असं घेऊन बघितलं. राजापुरीने अंग दिलं, गावठीने आंबटपणा. हेच प्रमाण ठेवणार.

घेताना देठाकडे बघायचं. देठ हिरवा आणि चीक ओला असेल तर कैरी कालची-परवाची. दाबून घट्ट लागली पाहिजे. कोयीपाशी पिवळेपणा धरलेली कैरी डाळीला चालेल, पन्ह्याला तिचा आंबटपणा कमी पडतो. घरी आणल्यावर देठ काढून कैऱ्या तासभर पाण्यात बुडवून ठेवायच्या, मग चोळून धुवायच्या. हा चीक राहिला तर घसा खवखवतो आणि कोणाकोणाच्या ओठांना चुरचुरतं. घाईत हीच पायरी गाळली जाते.

5 एप्रिल, शनिवार

आज गर काढण्याच्या पद्धती तपासल्या.

किसून: कच्च्या कैरीचा कीस, साखर, पाणी, गाळून. रंग सुंदर हिरवट-पांढरा, वास अगदी झाडाखालचा. चव तीक्ष्ण आणि ताजी. चार माणसांना लगेच द्यायला याच्यासारखं काही नाही, पण तासाभरात त्याचा टवटवीतपणा उतरतो. समारंभाला उपयोग नाही.

भाजून: गॅसवर साल काळी होईपर्यंत. धुराचा वास लागतो, त्याला जिरं, पुदिना, काळं मीठ हवं. उत्तरेकडचा आम पन्ना या चालीवर जातो. चांगलाच असतो, पण वेलची-केशराशी धुराचं जमत नाही आणि गौरीच्या नैवेद्याला आईंना ते चालणार नाही.

उकडून: आपली नेहमीची. इथे एक फरक करून बघितला आणि तो मोलाचा निघाला. कैऱ्या पाण्यात बुडवून शिजवल्या की आंबटपणा पाण्यात उतरतो, गर पाणचट होतो आणि ते पाणी बरेचदा ओतून दिलं जातं. त्याऐवजी कैऱ्या सालासकट कोरड्या डब्यात ठेवायच्या, पाणी फक्त कुकरच्या तळाला, तीन शिट्ट्या. डब्यात तळाशी जो चार चमचे रस सुटतो तो गरातच घालायचा. गर घट्ट, पिवळसर आणि चवीला भरीव निघतो. साल आतल्या बाजूने चमच्याने खरवडायची. सालीला चिकटलेला थर सर्वांत आंबट असतो.

मग गर मिक्सरमधून अगदी थोडा फिरवून बारीक चाळणीतून घासला. मिक्सर फार वेळ चालवला की धागा बारीक होऊन चाळणीतून खाली उतरतो आणि पेय जिभेला खरखरीत लागतं. दोन झटके पुरेत.

6 एप्रिल, रविवार (रामनवमी)

देवळातून सुंठवडा घेऊन येताना कुंभारवाड्यातून नवा माठ आणला. मोठा, बारा लिटरचा, लाल मातीचा, तोटी नसलेला. तोट्यांचे माठ सोयीचे असतात, पण तोटीच्या बुडाशी घासणी पोचत नाही.

आज भरून ठेवला. उद्या ते पाणी झाडांना, परवाचंही झाडांना. मातीचा वास पुरता उतरला की मगच प्यायला.

माठावर माझा एवढा भर का, ते इथे लिहून ठेवते, कारण घरात सगळे विचारतात की फ्रिज असताना हे कशाला. माठ पाझरतो, बाहेरून ओला राहतो, ती ओल वाऱ्याने उडते आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी तितकं हे जोरात चालतं. म्हणून पुण्याच्या एप्रिलमध्ये माठ जसा गार होतो तसा माझ्या मावशीच्या रत्नागिरीच्या घरी होत नाही. तिथल्या दमट हवेत ओल उडतच नाही. आमच्याकडे तो उत्तरेच्या बाल्कनीत तिवईवर ठेवायचा, सुती फडकं ओलं करून भोवती गुंडाळायचं, आणि खाली ताटली.

पण गारव्यापेक्षाही मला दुसरं कारण महत्त्वाचं वाटतं, ते तपासून बघायचं आहे.

9 एप्रिल, बुधवार

तपासलं. दुपारी तीनला बाल्कनीत 36 अंश, माठातलं पाणी 25. फ्रिजमधलं 7. स्वयंपाकघरात साखरेच्या पाकासाठी वापरते तोच थर्मामीटर.

एकाच गराचं, एकाच गुळाचं पन्हं दोन्ही पाण्यांत कालवलं. फ्रिजच्या पाण्यातलं कमी गोड लागलं. मुलीला डोळे मिटायला सांगून दोन्ही दिली, तिनेही माठातलंच "जास्त गोड" म्हणून दाखवलं. अतिथंड पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते, हे आइस्क्रीम वितळल्यावर चाटून बघणाऱ्या कुठल्याही मुलाला माहीत असतं. म्हणजे बर्फगार पन्हं करायचं तर गूळ वाढवावा लागतो, गूळ वाढला की ते जड होतं. माठाच्या पाण्यात तेवढ्याच समाधानाला गूळ कमी पुरतो. हलकेपणाची किल्ली इथे आहे, आणि ती पाककृतीच्या वहीत कुठे लिहिलेली नसते.

यातून एक नियम निघाला. पन्ह्याची चव ज्या पाण्यात वाढायचं त्याच पाण्यात घ्यायची. गर कोमट असताना चाखून गूळ ठरवायचा नाही.

बर्फ पूर्ण रद्द. शिवाय बाहेरून आणलेल्या बर्फाची मला खात्री वाटत नाही. महाराष्ट्रात खाण्याजोगा नसलेल्या बर्फात निळसर रंग घालायचा नियम 2018 पासून आहे, पण लादी फोडून पिशवीत घातल्यावर फिका रंग कोण निरखून बघतं?

10 एप्रिल, गुरुवार

गुळावर घरात वाद. जाऊबाईंनी सेंद्रिय गूळ आणून दिला, काळपट तपकिरी. खायला फार चांगला, पोळीबरोबर मी तोच खाते. पण पन्ह्यात त्याची स्वतःची चव इतकी पुढे येते की कैरी मागे जाते, आणि रंग मातकट होतो. चिक्कीचा गूळ चिकट, तोही नको. कोल्हापुरी पिवळा गूळ, किसून, थोड्या गरम पाण्यात विरघळवून आणि गाळून. गाळणं चुकवायचं नाही. कितीही स्वच्छ दिसला तरी फडक्यावर उसाचं चिपाड आणि बारीक कच राहतेच.

साखरेचं पन्हं दिसायला देखणं होतं, केशराचा रंगही त्यातच दिसतो. गुळात केशर रंगाने हरवतं, फक्त वासाला उरतं. त्यासाठी केशर चिमूटभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून शेवटी घालायचं, शिजताना नाही. आईंनी गूळच म्हटलं आणि मलाही तोच हवा. उन्हातून आलेल्याच्या हातावर गूळ-पाणी ठेवायची आपली रीत आहे, पन्हं तिच्याच वळणावरचं.

वेलची सालासकट, दोन चमचे साखरेबरोबर कुटून. नुसती कुटली तर पूड वर तरंगते आणि पहिल्या घोटात घशाला लागते.

मीठ लागतंच. दर फुलपात्राला दोन बोटांच्या चिमटीत येईल त्याच्या निम्मं. त्याने गूळ आणखी कमी करता आला.

12 एप्रिल, शनिवार (हनुमान जयंती)

प्रमाण आज नक्की झालं. वजनाने गर एक भाग, गूळ एक भाग. बहुतेक घरांत गराच्या दीडपट ते दुप्पट गूळ पडतो. हा झाला मूळ अर्क. त्याच्या पाचपट माठाचं पाणी.

आमची फुलपात्रं मोजली: काठोकाठ 180 मिलि, सांडू न देता ओतायचं तर 150. म्हणजे दर फुलपात्रात 25 मिलि अर्क आणि 125 मिलि पाणी. त्यातून पोटात जाणारा गूळ साधारण 15 ग्रॅम. नेहमीच्या पद्धतीने 250 मिलिचा काचेचा ग्लास भरला असता तर याच्या दुपटीहून जास्त गेला असता.

जिभेवर येतं ते असं: आधी कैरी, मग वेलची, गोड सर्वांत शेवटी आणि तेही रेंगाळत नाही. प्यायल्यावर पाणी प्यावंसं वाटत नाही. दाट पन्ह्यानंतर तोंड चिकट होऊन वर पाणी लागतंच, तसं याचं होत नाही.

आईंनी दोनदा चाखून सांगितलं, "बरं आहे. पण आमच्या मंडळातल्या काहीजणींना गोड कमी वाटेल." त्यांच्यासाठी गुळाचं घट्ट पाणी छोट्या तांब्यात बाजूला ठेवायचं. गोड घालता येतं, काढता येत नाही.

13 एप्रिल, रविवार

जोडीला काय? यावर जास्त वेळ गेला.

साठजणींत मधुमेह असलेल्या दहा-बारा तरी असतील. त्यांना "तुम्हाला चालत नसेल ना" म्हणत नुसतं पाणी देणं बरं दिसत नाही. घरी आलेल्या प्रत्येकीला तिच्यासाठी केलेलं काहीतरी हातात मिळालं पाहिजे, गोड चालो वा न चालो.

ताक हे पहिलं उत्तर. लोणी काढलेलं, पातळ, आलं-मिरची-कोथिंबीर वाटून त्याचा फक्त रस पिळलेला, जिरेपूड, पादेलोण. लग्नातल्या मठ्ठ्यात कोथिंबीर दातांत अडकते. हातात ओटी, कपाळाला ओलं कुंकू आणि समोर गप्पा असताना चावावं लागेल असं काही पेयात नको.

पण आईंनी अडवलं. दिवेलागणीनंतर जुन्या बायका ताक घेत नाहीत. पाच ते आठ अशी वेळ आहे, म्हणजे निम्म्याजणी अंधार पडल्यावर येणार. मग सूर्यास्तानंतर काय? कोकम.

मावशीने गेल्या मोसमातलं आगळ पाठवलेलं आहे. आगळ म्हणजे पिकलेल्या रातांब्याचा मीठ घालून टिकवलेला रस. साखरेत मुरवलेलं ते अमृत कोकम, ते गोडच असतं. आगळ आणि पाणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, साखर अजिबात नाही: रंग डाळिंबासारखा, चव खारट-आंबट, तरतरी आणणारी. फुलपात्राला दोन लहान चमचे आगळ पुरतं. वरून मीठ घालायचं नाही. ज्यांना रक्तदाबामुळे मीठ वर्ज्य आहे त्यांना मात्र हे देऊ नये. त्यांच्यासाठी आमसुलं दोनदा धुऊन, कोमट पाण्यात दोन तास भिजवून, कुस्करून गाळलेलं वेगळं पाणी. आमसुलांनाही आगळाची पुटं देतात, त्यामुळे धुतली तरी थोडं मीठ राहतंच, पण आगळापेक्षा पुष्कळ कमी.

रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे आणि तरी पुण्यात हळदीकुंकवाला ते कोणी ठेवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

14 एप्रिल, सोमवार

भांडी. आईंचं लग्नातलं पितळी पातेलं त्यांना पन्ह्यासाठी काढायचं होतं. फार सुंदर आहे, पण आतली कल्हई जागोजागी उडालीय. कैरी, ताक, कोकम तिन्ही आंबट. उघड्या पितळेला लागले की कळकतात आणि ते पोटात जाऊ नये. कल्हईवाला आता आमच्या भागात फिरकत नाही. पातेलं दारात पाणी आणि फुलं घालून आरास म्हणून ठेवायचं, आईंना ते आवडलं. अर्क काचेच्या बरणीत, कालवणं स्टीलच्या पातेल्यात.

फुलपात्रं आमची, जाऊबाईंची आणि शेजारच्या काकूंची मिळून पुरतील. कागदी पेले नकोत. त्यात कोकमाला कागदाचा वास येतो, आणि हातात धातूचा गार स्पर्श होतो तोही पाहुणचारातला भाग आहे. विसळायला दोन बादल्या आणि मुलगी.

16 एप्रिल, बुधवार

बाजार. पंचाहत्तर फुलपात्रं पन्हं धरलं आहे: अर्क दोन लिटरच्या आत-बाहेर, पाणी साडेनऊ लिटर. त्यासाठी कैरी अडीच किलो (साल-कोय जाऊन जवळपास निम्मा गर उतरतो), गूळ सव्वा किलो. ताक तीस फुलपात्रं: सव्वा लिटर दुधाचं दही. वाळा एक जुडी.

वाळा पिण्याच्या पाण्यासाठी. घरातल्या जुन्या माठात. मुळ्या चार पाण्यांनी धुतल्या, तरी पाचव्या पाण्यात माती दिसली, म्हणून आणखी धुतल्या. मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधून आदल्या रात्री सोडायची. पन्ह्याच्या पाण्यात वाळा घालणार नाही. वाळ्याचा वास ओल्या मातीचा, वेलचीचा वेगळ्याच दिशेचा. दोघांना एका फुलपात्रात घातलं तर दोन्ही वाया.

17 एप्रिल, गुरुवार

सकाळी गर, संध्याकाळी गूळ विरघळवून, गाळून, निववून गरात. केशर-वेलची उद्या. बरणी फ्रिजमध्ये. रात्री दही लावलं, विरजण कमी. उद्या दुपारपर्यंत ते गोडसर राहिलं पाहिजे, नाहीतर ताक संध्याकाळी फार चढेल.

दोन्ही माठ रात्री दहाला भरले. आगळ, जिरेपूड, चमचे, तीन रंगांच्या दोऱ्या बांधलेले तीन जग एका ट्रेमध्ये मांडून ठेवले.

18 एप्रिल, शुक्रवार

रात्रीचे साडेदहा. सगळं आवरल्यावर लिहितेय, तपशील विसरायच्या आत.

मांडणी: दारातच गुलाबपाणी आणि अत्तर. हे मी मुद्दाम आतल्या खोलीपासून लांब ठेवलं. अत्तर मनगटावर ताजं असताना फुलपात्र नाकाशी आलं की कैरीचा वास येतच नाही. मधे दहा मिनिटं गेली की चालतं. आल्या-आल्या हातात वाळ्याचं पाणी. मग हळदीकुंकू, हाताला चंदनाचा लेप आणि त्यावर शिंपल्याने ओढलेल्या रेघा (हे जाऊबाईंनी केलं, आणि कितीतरी तरुण मुलींनी ते पहिल्यांदाच बघितलं). मग डाळ. डाळीनंतर पन्हं. तिखट-आंबट डाळीमागून हे कमी गुळाचं पन्हंही पुरेसं गोड लागतं, म्हणून क्रम बदलू दिला नाही.

कालवणं जगाजगाने: 300 मिलि अर्क, दीड लिटर माठाचं पाणी, बारा फुलपात्रं. एकदम मोठं पातेलं कालवलं असतं तर तासाभरात पाणी कोमट झालं असतं आणि गर तळाला बसला असता. जगातही तो बसतो. दर दोन-तीन फुलपात्रांनंतर डावाने तळापासून ढवळावं लागतं, नाहीतर पहिलीला पाणी आणि शेवटचीला चटणी. हे काम भाचीला दिलं होतं, तिने एकदाही हयगय केली नाही.

साडेसहाला भजनी मंडळ एकत्र आलं, तेव्हा खोलीत उभं राहायला जागा नव्हती. तेवढ्या वीस मिनिटांत तीन जग संपले. अर्क तयार असल्यामुळे आत धावपळ झाली नाही.

सूर्य मावळल्यावर ताक आत गेलं, कोकम बाहेर आलं. पहिल्यांदा कोणी हात लावेना, रंग बघून सगळ्यांना ते गोड सरबत वाटलं. मग एका काकूंना, ज्या दर वर्षी नुसतं पाणी पिऊन जातात, मी सांगितलं की यात साखरेचा कणही नाही. त्यांनी एक घोट घेतला, थांबल्या, मग सगळं प्यायल्या. "म्हणजे माझ्यासाठी केलंस," म्हणाल्या. आज मला एवढं एक वाक्य मिळालं असतं तरी चाललं असतं. त्यांनी बोलावून आणखी तिघींना दिलं.

गुळाचं पाणी दोघीतिघींनी मागितलं, आईंचा अंदाज बरोबर होता. बाकीच्यांत दुसऱ्यांदा फुलपात्र पुढे करणाऱ्या बऱ्याच होत्या. सर्वांत वयस्क आजींनी विचारलं, "फ्रिजचं नाही ना? घसा धरला नाही म्हणून विचारते."

उष्टी, अर्धी ठेवलेली फुलपात्रं बादलीकडे येताना मुलगी बघत होती. पन्ह्याची अगदी थोडी.

19 एप्रिल, शनिवार

उरलेलं: अर्क पाव लिटरच्या आसपास, ताक दोन फुलपात्रं (सकाळी कढी), आगळ संपलं. वाळ्याचं पाणी मधेच संपत आलं होतं, परत भरावं लागलं. पुढच्या वेळी त्याला मोठा माठ आणि पन्ह्याला लहान. लोक गोडाच्या आधी खरं पाणी मागतात.

कोकम ठरवलं होतं त्याच्या दुप्पट लागलं. ताक निम्मं केलं तरी चालेल, किंवा सरळ पाचपासूनच कोकम ठेवावं. आईंना विचारलं, त्या म्हणाल्या ताक हवंच, शुक्रवारचं हळदीकुंकू आणि घरात ताक नाही असं कसं. म्हणजे दोन्ही राहणार.

तीन शेजारणींनी प्रमाण विचारलं. सोसायटीच्या वॉट्सॲप गटावर टाकलं ते असं: गर आणि गूळ वजनाने सारखे, पाचपट माठाचं पाणी, कैरी कोरड्या डब्यात उकडून, चव त्याच पाण्यात घेऊन, बर्फ नाही, लहान भांड्यात द्या. माठ नसेल तर साधं पाणी फ्रिजमध्ये वीस मिनिटं, जास्त नाही.

30 एप्रिल, बुधवार (अक्षय्य तृतीया)

गौर आज उठली. नैवेद्याला पन्हं फ्रीजरमधल्या गराचं केलं. गूळ न घालता गोठवलेला गर चवीला जवळजवळ ताज्यासारखा राहिला, रंग जरा उतरला. पावसाळ्यात कोणी आलं तरी पन्हं देता येईल म्हणून आणखी दोन किलो कैरीचा गर काढून लहान डब्यांत भरून ठेवला, एका डब्यात दहा फुलपात्रांपुरता.

मावशीला फोन केला. रातांबे आता लागायला लागलेत, वळवाचा पाऊस झोडपायच्या आत उतरवायला हवेत. आगळ ती दुप्पट करून ठेवणार आहे. अमृत कोकम मी इथेच करणार, त्याची कृती लिहून घेतली: रातांबे धुऊन पुसून अर्धे करायचे, बिया आणि आतला गर वेगळा काढायचा, सालांच्या वाट्यांत साखर भरून काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीत थर लावायचे. साखर एकूण सालांच्या जवळजवळ दुप्पट. तोंडाला फडकं बांधून साखर पुरती विरघळेपर्यंत रोज उन्हात, संध्याकाळी आत. बिया फेकायच्या नाहीत, त्यांचं कोकमतेल निघतं, त्या मावशीला परत पाठवायच्या. पाच किलो रातांबे सांगितले आहेत.